अवजारांच्या खोलीची चौकट : पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती

पॉवर टिलर, नांगर, फवारणी पंप आणि बियाण्याची पोती ज्या खोलीत ठेवावयाची, तिचे रुंद दारच नीट लागत नसेल, तर ही सारी मत्ता उघड्यावर असल्यासारखीच होय. कोकणात रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला २५०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथे चौकटीचे खांब बुडापासून कुजतात, गणेशपट्टी खचते आणि दार जमिनीस घासू लागते. अशा वेळी पुष्कळजण दाराची खालची कड तासून टाकतात. त्याने दार काही दिवस लागते. परंतु चौकट खचतच राहते आणि तिच्यावरील भिंतीचा भार माणसाच्या अंगावर येण्याचा धोका वाढत जातो.

कुजण्याचे मूळ

लाकूड कुजविणारी बुरशी ओलाव्यावाचून वाढत नाही. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिल्यास ते सहसा कुजत नाही. खांबाचा पाय मातीत पुरलेला असणे, पागोळ्यांचे पाणी उंबऱ्याशी उडणे आणि अंगणाचा उतार दाराकडे असणे ही नेहमीची तीन कारणे होत. मातीतून वाळवीही याच पायाने वर चढते. ही कारणे तशीच ठेवून नवे लाकूड बसविल्यास तेही कुजेल.

आधी टेकू, मग करवत

टोच्याने खांब बुडापासून वर टोचत जावे. टोच्या सहज रुतेल तेथवर लाकूड कुजलेले समजावे. कापण्यापूर्वी गणेशपट्टीखाली दोन्ही बाजूंस भक्कम टेकू द्यावेत. टेकूंखाली जाड फळ्या ठेवून पाचरी हळूहळू ठोकाव्यात. एकदम उचलल्यास भिंतीस तडे जातात. गणेशपट्टीची भिंतीतील टोकेच कुजली असतील, तर अनुभवी गवंड्यास बोलावल्यावाचून काम सुरू करू नये.

नवा पाय

कुजलेला भाग, त्याच्यावरील एक वीत चांगल्या लाकडासह, कापून काढावा. खालची माती उकरून १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर निदान १५ सेंटीमीटर येईल असा ओतावा. तो सात दिवस भिजत ठेवावा. तोवर टेकू हलवू नयेत. नंतर सुकलेल्या सागाच्या गाभ्याचा तुकडा घ्यावा. बाहेरचे पांढरे लाकूड लवकर कुजते, म्हणून ते टाळावे. जुन्या व नव्या लाकडाची निम्मी निम्मी जाडी कापून दोन्ही एकमेकांवर बसवावीत व नटबोल्टने आवळावीत. सांध्याची लांबी खांबाच्या रुंदीच्या तिप्पट असावी आणि त्याची बाहेरची कड उतरती ठेवावी, म्हणजे पाणी साचणार नाही. तुकड्याच्या बुडास व भिंतीकडील अंगास आधीच डांबराचे दोन हात द्यावेत. खांब ओळंब्यात आल्याची खात्री झाल्यावरच टेकू सैल करावेत.

दाराचा तीर

चौकट सरळ होऊनही फळ्यांचे दार लोंबत असेल, तर त्यास तिरपी पट्टी मारावी. ही पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी. उलट मारलेली लाकडी पट्टी दाराचा भार पेलत नाही.

शेवटी अंगणाचा उतार बाहेर काढून पागोळ्यांसाठी पन्हळ लावावी. एप्रिल-मे महिन्यांत लाकूड कोरडे असते व अवजारेही काही दिवस बाहेर ठेवता येतात. तेव्हाच हे काम उरकणे श्रेयस्कर होय.