दारू जास्त घातक की बंदूक? तुलना करण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जर्नल क्लबमध्ये एक स्लाइड दाखवली होती. अमेरिकेत अतिमद्यपानामुळे वर्षाला सुमारे १,७८,००० मृत्यू (२०२०-२१ ची सरासरी), बंदुकीमुळे सुमारे ४८,००० (२०२२). खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष : दारू जवळजवळ चौपट घातक! मागून एका सीनियरने विचारलं, "हे दोन ढीग वेगळे आहेत का रे?" मी गप्प. त्या शांततेतून शिकलेलं आज सांगतो.

१. आकडा मोजला कसा?

बंदुकीचे मृत्यू मृत्यू-दाखल्यावरून थेट मोजता येतात. दारूचे तसे नाहीत, तो अंदाज असतो. अमेरिकेची सीडीसी ही संस्था प्रत्येक आजारातला किती वाटा दारूचा, हे ठरवते. दारूमुळे होणारा यकृताचा आजार पूर्ण धरायचा, काही कर्करोगांचा फक्त काही भाग. गंमत म्हणजे खून आणि आत्महत्यांचाही काही भाग त्यात धरलेला असतो. म्हणजे दारूच्या नशेत झाडलेल्या गोळीने झालेला मृत्यू दोन्ही ढिगांत येऊ शकतो. माझी 'चौपट' इथेच कोसळली.

२. छेद कोणता?

अंश सगळे बघतात, छेद कुणी बघत नाही. अमेरिकेत निम्म्याहून जास्त प्रौढ दारू पितात, तर स्वतःची बंदूक असल्याचं साधारण एक तृतीयांश प्रौढ सांगतात. मग मृत्यू दर पिणाऱ्यामागे मोजायचे, दर बंदुकीमागे, की बंदूक असलेल्या दर घरामागे? छेद बदलला की उत्तर बदलतं. शिवाय 'दारू स्वतःला मारते, बंदूक दुसऱ्याला' हा समजही चुकीचा आहे. तिथल्या बंदूक-मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि दारू पिऊन गाडी चालवणारा दुसऱ्यालाही मारतो.

३. कारण, की नुसता संबंध?

१९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की घरात बंदूक असेल तर घरात खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट असते. टीकाकार म्हणाले, ज्यांना आधीच धोका होता त्यांनीच बंदूक घेतली असेल तर? प्रश्न रास्त होता. २०२० मध्ये स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे २.६ कोटी प्रौढांचा मागोवा घेतला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचा धोका तिपटीहून जास्त, स्त्रियांत सुमारे सातपट निघाला. पण बंदूक न वापरता केलेल्या आत्महत्यांचं प्रमाण या लोकांत जास्त नव्हतं. 'ही माणसं मुळातच खचलेली होती' एवढंच कारण असतं, तर तेही वाढलेलं दिसायला हवं होतं. असा एक जोड-आकडा कधी कधी अख्ख्या वादापेक्षा जास्त सांगून जातो.

मग कायदे इतके वेगळे का?

याचं उत्तर धोक्यापेक्षा इतिहासात जास्त सापडतं. दारूबंदी १९२० ते १९३३ राहिली आणि मागे घेतली गेली. त्यानंतर कर, परवाना, विक्रीच्या वेळा हे मार्ग आले. १९८४ च्या कायद्याने, वय २१ न करणाऱ्या राज्यांचा रस्ते-निधी कापण्याचा धाक घातला आणि सगळी राज्यं वळली. बंदुकीला मात्र १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचं कवच आहे. हा व्यक्तीचा हक्क असल्याचं २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. म्हणून तिथे भर 'कोण विकत घेतंय' हे तपासण्यावर राहिला. परिणामी, संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार १८ वर्षांच्या मुलाला रायफल विकू शकतो, पण त्याच मुलाला दुकानात बिअर मिळत नाही.

आणखी एक फरक आपल्यासारख्यांना लागू पडणारा. दारूवरच्या संशोधनासाठी अमेरिकेत १९७० पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. बंदुकीबाबत १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर सीडीसीचं संशोधन वीसेक वर्षं जवळपास थंडावलं. २०१९ च्या अखेरीस संसदेने पुन्हा २.५ कोटी डॉलर दिले. म्हणजे 'पुरावा कमी आहे' याचा अर्थ 'धोका कमी आहे' असा होत नाही. कदाचित कुणी मोजायलाच दिलं नसेल.

ती स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःलाच विचारा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणारच आहे.