पस्तीस पट लहान रणगाडा

पुठ्ठ्याचा रणगाडा करायला बसलेल्या मुलांना आम्ही विचारले, "खरा रणगाडा ३६ टनांचा आहे. आपला त्याच्या पस्तीस पट लहान. मग त्याचे वजन किती भरायला हवे?" उत्तर लगेच आले, "एक टनाहून थोडे जास्त!" समोर तर वीतभर लांबीचा गाडा होता. मुले स्वतःच हसली, पण चूक कुठे झाली हे सांगायला बराच वेळ लागला.

प्रतिकृती होती टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याची. १९७१ च्या युद्धात तो आपल्या सैन्याकडे होता. त्याची रुंदी ३.२७ मीटर आणि तोफेची नळी सोडून लांबी ६.४५ मीटर. १:३५ या प्रमाणात ही मापे ९.३ आणि १८.४ सेंटिमीटर होतात. हे ३५ कुठून आले? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने एका जर्मन रणगाड्याचा खेळण्यातला संच काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढे त्याचे माप धरले. ते प्रमाण साधारण १:३५ भरले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. सेलच्या आकाराने ठरलेले प्रमाण आहे हे!

आता वजन. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही पस्तीस पट कमी होतात, म्हणून घनफळ ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होते. हुबेहूब त्याच धातूंचा गाडा केला तरी वजन अवघे ८४० ग्रॅम भरेल. जमिनीला टेकणाऱ्या साखळपट्ट्यांचे क्षेत्रफळ मात्र १,२२५ पटच कमी होते. खऱ्या गाड्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८१ किलो असतो. छोट्याचा त्याच्या पस्तिसावा हिस्सा, म्हणजे फक्त २३ ग्रॅम. पुठ्ठ्याच्या गाड्याचा तर याहूनही कमी.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हे पटवायला फार लांब जावे लागत नाही. रोवणीसाठी चिखल केलेल्या धानाच्या बांधीत मुलांनी गाडा ठेवला, तर तो तसाच वर बसून राहिला. मग आम्ही छोट्या पट्ट्यांच्या मापाच्या, ११ सेंटिमीटर लांब आणि १.७ सेंटिमीटर रुंद, अशा दोन लाकडी पट्ट्या एका फळीखाली ठोकल्या. खऱ्या रणगाड्याइतका दाब यायला फळीवर साडेएकोणतीस किलो भार हवा. पाचवीतला तेवढ्या वजनाचा एक मुलगा आनंदाने तयार झाला. पट्ट्या चिखलात गेल्या, फळी टेकली आणि मुलाला धरून बाहेर काढावे लागले. (पट्टीच्या रुंदीचाही धसण्यावर परिणाम होतो, म्हणून हा प्रयोग तंतोतंत नव्हे. दाबातला फरक मात्र कोणीही विसरणार नाही.)

म्हणूनच प्रतिकृती करणारा पट्टे ओल्या मातीत मुद्दाम दाबून बसवतो. खऱ्या गाड्याचा पट्टा स्वतःच्या वजनाने चाकांच्या मध्ये झोळ खाऊन लोंबतो. हलका पट्टा ताठ राहतो, आणि त्यामुळे चांगला केलेला गाडाही खेळणे वाटतो. वरचा पट्टा आतून दोऱ्याने खाली ओढून चिकटवला की एकदम वजन 'दिसू' लागते.

जमीन करताना आमचीच फसगत झाली. आम्ही वैनगंगेची वाळू वापरली. तिचा एक मिलिमीटरचा कण पस्तीस पटीने साडेतीन सेंटिमीटरची खडी ठरतो, त्यामुळे गाडा रस्त्याच्या कामावर आल्यासारखा दिसू लागला. शेवटी तलावातला गाळ वाळवून, कुटून, कापडातून चाळून घेतला. रंगाचेही तसेच. जाड हात मारून ०.२ मिलिमीटरचा थर बसला, तर प्रमाणात तो ७ मिलिमीटरचा लेप होतो आणि कडा व खिळ्यांची डोकी बुजतात. पातळ दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

खऱ्या गाड्याचाच रंग प्रतिकृतीला दिला तर ती काळपट दिसते. मधल्या हवेमुळे दूरचे रंग फिके दिसतात, असे कारण छंदी मंडळी देतात. आम्हाला ते पटत नाही. प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरा गाडा साडेदहा मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरात स्वच्छ हवा काय रंग बदलणार? खरा गाडा उन्हात उभा असतो आणि आपला खोलीत, जिथे उजेड शेकडो पटींनी कमी असू शकतो, हे कारण आम्हाला जास्त सयुक्तिक वाटते. गाडा अंगणात नेऊन पाहिला की शंका फिटते. कारण काहीही असो, रंगात थोडा पांढरा मिसळावा. शेवटी अगदी पातळ तपकिरी रंग फिरवावा. केशाकर्षणाने तो आपोआप फटींत शिरतो आणि तिथे सावली उमटते.

खरे रणगाडे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. सहल तिकडे गेलीच, तर मुलांना सोबत मोजपट्टी न्यायला सांगा आणि पट्ट्याची रुंदी आधी मोजायला लावा.