छावणीतला कामाचा दिवस

बेळगावची छावणी म्हटली की संचलन आणि बिगूल एवढेच नागरिकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु १७६८ साली जिची पहिली पलटण उभी राहिली, त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ह्या केंद्रात पहाटेची पी.टी. आटोपल्यावर जो दिवस सुरू होतो, तो पुष्कळसा किल्ल्यांचा, वह्यांचा आणि सह्यांचा असतो.

कोतावर, म्हणजे शस्त्रागारावर, रंगरूट रायफलीचा क्रमांक सांगतो, हवालदार तो वहीतल्या नोंदीशी ताडून पाहतो, आणि सही झाल्यावाचून हत्यार हाती पडत नाही. पुढे तीच रायफल साफ करून, तेल देऊन परत आल्याखेरीज व मोजदाद जुळल्याखेरीज कोताला कुलूपही लागत नाही. एक हत्यार कमी भरले, तर सारी कंपनी जागची हलत नाही. ही सक्ती जाचक खरी, पण मला ती सर्वथा शहाणपणाची वाटते.

इकडे लंगरात शिध्याचे वजन, तिकडे एमआय रूमपुढे, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या खोलीपुढे, आजाऱ्यांची रांग, दफ्तरात रजेचे अर्ज नि रेल्वेची वॉरंटे. शिवाय हजामत, धोबी, कँटीनमधली साबण-पॉलिशची खरेदी ही कामे मधल्या फुरसतीत उरकायची, आणि फुरसत म्हणजे काय, तर पुढच्या फॉलिनपर्यंतचा, म्हणजे पुन्हा रांगेत उभे राहीपर्यंतचा वेळ!

संध्याकाळच्या हजेरीत उद्याच्या कामांचे वाटप वाचून दाखवले जाते. त्यात नाव नाही असा जवान सहसा उरत नाही.