एक रूप, अनेक काळ

माझी नात महाविद्यालयांत फ्रेंच शिकते. परवां ती त्रासून म्हणाली, "आजोबा, 'इल फिनी' म्हणजे 'तो संपवतो' आणि 'त्यानें संपवलें' सुद्धां! रूप एकच, मग काळ ओळखायचा कसा?" मीं म्हटलें, "बाळ, त्यासाठीं फ्रान्सपर्यंत जावयास नको; नेवाशापर्यंत गेलें तरी पुरे."

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या काळच्या मराठींत 'तो करी' म्हणजे 'तो करतो'. संस्कृत 'करोति', प्राकृत 'करइ', त्यापासून 'करी', अशी ही वंशावळ. म्हणून तें रूप मूळचें वर्तमानकाळाचेंच. पुढें 'करतो' हें रूप रूढ होऊन त्यानें वर्तमानाचें आसन घेतलें, आणि 'करी' रीतिभूतकाळांत जाऊन बसलें. आज 'आजी पहांटे जप करी' म्हणजे ती करीत असे. म्हणींनीं मात्र जुना अर्थ जपला आहे : 'दाम करी काम', 'देव तारी त्याला कोण मारी'. देव पूर्वीं तारीत असे, असा अर्थ येथें कोणीही करीत नाहीं!

प्रथम पुरुषाचें अनेकवचन तर तिहेरी आहे. 'लहानपणीं आम्ही रोज नदीवर जाऊं' हा रीतिभूतकाळ, 'उद्यां जाऊं' हा भविष्यकाळ, 'चला, जाऊं' हा आज्ञार्थ. 'लहानपणीं', 'उद्यां', 'चला' हीं पदेंच येथें निर्णय करितात. केवळ रूप पाहून काळ ठरवूं नये. वाक्य पाहून ठरवावा.

हें मला उशिरां उमगलें. मी शिक्षक असतांना एका मुलानें ओवींतील 'करी' या क्रियापदापुढें 'वर्तमानकाळ' असें लिहिलें होतें. पुस्तकी नियमावर विसंबून मीं तें तांबड्या शाईनें खोडलें व वर्गासमक्ष त्याला बोल लावला. तो निमूट बसला. पुन्हां त्यानें व्याकरणांतील शंका म्हणून कधीं विचारली नाहीं. चूक माझी होती, आणि तसें त्याला सांगावयाचें राहून गेलें.

घरीं ज्ञानेश्वरी वाचतांनाही हाच घोटाळा होतो. तेथील 'करी' ही कोणे एके काळची हकीकत नव्हे. तें आजचें व सदैवचें सांगणें आहे. त्याला भूतकाळ मानलें कीं उपदेशाची गोष्ट होऊन जाते. म्हणून, वाचकहो, घरांतील मूल अशी शंका काढील, तेव्हां त्याला गप्प करण्यापूर्वीं तें वाक्य त्याच्यासह पुन्हां एकदां वाचावें.