झूमचा आकडा आणि कडेची माणसं

बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सुटे भाग घडवून सिनेमाचा कॅमेरा जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपण मात्र छोटा कॅमेरा घेताना फक्त झूमचा आकडा विचारतो. माझ्या लेकीनंही विचारलं, "अब्बा, तीसपट घेऊ?"

तीसपट हा नुसता भागाकार आहे. फिल्मच्या हिशेबानं २४ मिलिमीटरपासून ७२० पर्यंत, म्हणजे तीसपट. मोठा आकडा खासबाग मैदानात कामाचा. वरच्या पायरीवरून पैलवानाचा चेहरा मिळतो. पण दोन खोल्यांच्या घरात ईदला जमलेलं कुटुंब एका फोटोत बसवायला सुरुवातीचा आकडा लहान हवा. ३५ पासून सुरू होणारा कॅमेरा कडेची माणसं कापतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. भिंगावर ३.३–६.६ असं लिहिलेलं असेल, तर पूर्ण झूमला उजेड चौथाईच उरतो आणि संध्याकाळी फोटो हलतो. म्हणून हाताचा कंप सावरणारी ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनची सोय पाहा. डिजिटल झूम हिशेबात धरू नका. तो फोटो कातरून मोठा करतो, एवढंच.

मोबाइल आल्यापासून असे नवे कॅमेरे थोडेच निघतात. पैसे बेताचे असतील तर वापरलेला पाहा. झूम पूर्ण बाहेर काढून करकर ऐका, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग शोधा, बॅटरी मिळते का विचारा.

लेकीनं शेवटी २४ पासूनचा, दहापटच घेतला. माझी अम्मी नेहमी कडेला बसते. यंदा तीही फोटोत आली.