आई म्हणते तेल लाव: कोमट तेलाच्या मालिशनं नेमकं काय होतं?

नोव्हेंबर लागला की घरून येणाऱ्या मेसेजचा सूर बदलतो. "जेवलास का?"च्या जोडीला "अंगाला तेल लावतोस का?" सुरू होतं. आणि तुम्ही इकडे लेस्टरच्या किंवा टोरांटोच्या एका खोलीत. हीटर दिवसभर चालू, पोटऱ्या इतक्या कोरड्या की नखानं ओढलं तर पाटीवर उमटावी तशी पांढरी रेघ उमटते. दुबईत किंवा दोह्यात असाल तर हेच काम एसी करतो. तरीही तेल काही लागत नाही. चिकट होतं, कपड्यांना वास येतो, फ्लॅटमेट विचारतो हा वास कसला.

मग एक दिवस फोनवर एखाद्या स्पाची जाहिरात येते. एक तासाचं 'अभ्यंग', मंद दिवे, तांब्याचं भांडं, आणि खाली ओळ की शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात. आईचं तेल आपण टाळतो आणि त्याच तेलासाठी तिकडे तासाचे ऐंशी-नव्वद पाउंड मोजायची तयारी होते. यात लाजण्यासारखं काही नाही, पण दोघांपैकी कोणाचं म्हणणं किती खरं आहे ते बघायला हरकत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: आईचं बरंचसं खरं आहे, स्पाचं बरंचसं नाही, आणि दोन-तीन ठिकाणी आईचंही चुकतं. ती ठिकाणं जरा जपून घ्यायची आहेत.

आधी जुन्या ग्रंथांत काय आहे ते थोडक्यात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात रोजच्या वागण्याचे नियम येतात, त्यात अभ्यंग आहे. तिथे दिलेल्या उपमा मला फार आवडतात: तेल मुरलेला मातीचा घडा, तेल चोळलेलं चामडं, वंगण घातलेला गाडीचा आस. या वस्तू तेलानं टिकाऊ होतात, तसंच शरीराचं. म्हणजे इथे चमत्काराची भाषा नाही, देखभालीची आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, दिनचर्येच्या अध्यायात, अभ्यंग रोज करा, डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करा, असं सांगून लगेच कोणी करू नये तेही सांगितलंय: कफ वाढलेल्यानं, अजीर्ण झालेल्यानं, नुकतंच शोधन म्हणजे वमन-विरेचन वगैरे झालेल्यानं. हे प्रश्न तुम्हाला स्पात कोणी विचारलेत का? मला एकदाच जाण्याचा योग आला, तिथे फक्त कार्ड की कॅश एवढंच विचारलं होतं.

आता त्वचेकडे येऊ. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. विटांच्या भिंतीसारखा विचार करा: पेशी या विटा आणि मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. ही भिंत शाबूत असेल तर आतलं पाणी उडून जात नाही आणि बाहेरचे जंतू आत येत नाहीत. कोरडी हवा, खूप गरम पाण्याचा शॉवर, साबण आणि लंडनसारख्या ठिकाणचं जड पाणी, ही सगळी मंडळी या चुन्याच्या मागे लागलेली असतात. तेल लावलं की वर एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि पाणी उडण्याचा वेग कमी होतो. एवढं साधं आहे. अंग उलायचं थांबतं ते यामुळे.

पण सगळी तेलं सारखी नाहीत. सूर्यफूल, करडई आणि बऱ्याच अंशी तीळ यांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, आणि त्वचेच्या भिंतीला ते हवंच असतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचा भरणा असतो, आणि ते उलट त्या भिंतीतला चुना सैल करू शकतं. म्हणजे सुपरमार्केटमधलं महागडं ऑलिव्ह तेल 'नैसर्गिक' म्हणून अंगाला चोळण्यापेक्षा शेजारच्या खणातलं साधं सूर्यफुलाचं बरं. खोबरेल तेलाचा प्रकार वेगळा आहे, त्यात लॉरिक आम्ल जास्त. कोरड्या त्वचेसाठी ते चांगलं चालतं. फक्त ब्रिटनमधल्या हिवाळ्यात बाटलीत त्याचा दगड होतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि तेल 'मुरतं' किंवा 'जिरतं' म्हणजे कुठपर्यंत? आजी म्हणते हाडापर्यंत. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते वरच्या थरांतच राहतं, सांध्यात जाऊन वंगण होत नाही. गंमत म्हणजे नवजात बाळाच्या बाबतीत आजी थोडी बरोबर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना करडईच्या तेलानं मालिश केलं, काहींना खोबरेल तेलानं, आणि मग त्यांच्या रक्तातली स्निग्धाम्लं मोजली. ज्या तेलानं चोळलं त्याचा ठसा रक्तात दिसला. बाळाची त्वचा पातळ असते, त्यामुळे तिथे तेल खरंच आत जातं. म्हणूनच बाळाला काय लावतो याची काळजी जास्त घ्यायची.

हा बाळाचा विषय इथे थोडा लांबवतो, कारण माझ्या एका मैत्रिणीच्या घरी यावरून खरीखुरी भांडणं झाली. तिचं बाळंतपण इंग्लंडमध्ये झालं. तिची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतविडा, डिंकाचे लाडू आणि दोन लिटर तेल घेऊन आली. आणि घरी आलेल्या हेल्थ व्हिजिटरनं सांगितलं, पहिले काही आठवडे तेल लावू नका. आईला वाटलं या लोकांना बाळंतपण कळत नाही. मैत्रीण दोघींच्या मध्ये अडकली, आणि शेवटी हेल्थ व्हिजिटर यायच्या दिवशी तेलाची बाटली कपाटात जायला लागली.

कोण बरोबर? ढाक्याच्या एका बालरुग्णालयात, वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मुंबईत सायनच्या रुग्णालयातल्या चाचणीत खोबरेल तेलानं मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगानं वाढलं. हे आईच्या बाजूचं. दुसरीकडे मँचेस्टरमध्ये ११५ पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळांवर चाचणी झाली. ऑलिव्ह आणि सूर्यफूल, दोन्ही तेलांनी त्वचेत ओलावा वाढला, पण भिंतीतला चुना नीट रचला जाण्याची जी क्रिया पहिल्या महिन्यात होते ती मागे पडली. म्हणजे हेल्थ व्हिजिटर हवेत बोलत नव्हती. बाळं वेगळी, गरजा वेगळ्या. मैत्रिणीनं शेवटी महिनाभर थांबून मग सुरुवात केली. आई तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी बाळाचे पाय चोळायला बसली.

जिथे आजीचं ऐकायचं नाही ती ठिकाणं मात्र स्पष्ट आहेत. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत. ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो, आणि तो सहजासहजी बरा होत नाही. कानातही नको. टाळू भरायची तर वरून हलका हात फिरवायचा, दाबायचं नाही. टाळू 'भरून येते' ती हाडं वाढतात म्हणून, तेलानं नाही.

आता हाताबद्दल, कारण मालिश म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्वचेत स्पर्श कळवणाऱ्या नसांचे अनेक प्रकार आहेत. त्यातला एक फार संथ आहे. त्या नसा १९३९ साली मांजरात सापडल्या होत्या, पण माणसातही त्या आहेत हे नीट कळायला १९९० चं दशक उजाडलं. हे काम बरंचसं स्वीडनमधल्या संशोधकांचं. केस असलेल्या त्वचेवर, म्हणजे हात, पाय, पाठ यांवर, सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर एवढ्या वेगानं हात फिरवला की या नसा सगळ्यात जास्त बोलतात, आणि नेमका तोच वेग माणसं 'छान वाटतं' असं सांगतात. त्याहून झरझर किंवा फारच हळू केलं तर त्या गप्प होतात. स्पर्श त्वचेच्या नेहमीच्या तापमानाच्या आसपास, साधारण ३२ अंशांचा असेल तर प्रतिसाद उत्तम. आता कोमट तेलाचं काम लक्षात येतं: हात अडखळत नाही, थंड लागत नाही आणि आपोआप संथ चालतो. पाटावर बसवून पाठीला तेल चोळणाऱ्या आईला हा वेग कोणी मोजून दिला नव्हता.

अभ्यंगावर स्वतंत्र संशोधन थोडं आहे. २० निरोगी माणसांना एक तास अभ्यंग देऊन बघितल्याचा एक छोटा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यांना ताण कमी वाटला, नाडीचे ठोके उतरले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तासभर नुसतं पडून राहिल्यानं किती झालं असतं ते कळत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी गुडघेदुखीच्या १५१ रुग्णांवर बारा आठवडे आयुर्वेदिक उपचारांची तुलना नेहमीच्या उपचारांशी केली. आयुर्वेदिक गटाला जास्त आराम पडला. मात्र त्यात मालिशबरोबर आहार, योगासनं, सल्ला असं सगळंच होतं, आणि आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं. मला यावरून एवढंच म्हणावंसं वाटतं की आजोबांचे गुडघे चोळून त्यांना बरं वाटत असेल तर ते खरंच बरं वाटतंय. गुडघ्याची झीज भरून येते असं कोणी म्हणालं तर मात्र मानू नका.

विषद्रव्यांचं काय? ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना चोळून वेग येत नाही. व्यायामानंतर मालिश केलं की लॅक्टिक आम्ल निघून जातं, हा समज जिममध्येही आहे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात हे २०१० साली मोजलं गेलं, तर दाबामुळे स्नायूतला रक्तप्रवाह अडून ते उलट हळू निघालं. आणि काशाची वाटी आठवते? तळपायाला तूप लावून वाटी घासायची, पाय काळे होतात, मग म्हणायचं बघ किती उष्णता निघाली. तो काळपटपणा काशाचा धातू आणि तूप, घाम यांच्यातून येतो. वाटीनं झोप छान लागते हे मला मान्य आहे. फक्त तीच वाटी 'डिटॉक्स' म्हणून विकत घेऊ नका, घरून मागवा.

करायचं कसं? वाटीभर तेल गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, तेल कुठे गार कुठे चटका बसेल असं तापतं. मनगटावर थेंब टाकून बघा. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, आणि घाई नको. पंधरा-वीस मिनिटं जिरू द्या, मग कोमट पाण्यानं आंघोळ. साबण फक्त काखा-जांघांना, बाकी अंगाला डाळीचं पीठ किंवा दिवाळीतलं उरलेलं उटणं पुरतं. रोज जमणार नाही, रविवारी जमेल. तिळाचं तेल घेताना चायनीज दुकानातलं भाजक्या तिळाचं गडद तेल घेऊ नका. मी पहिल्या वर्षी घेतलं होतं, दोन दिवस अंगाला नूडल्सचा वास येत होता. फ्लॅटमेटला तिळाची ॲलर्जी आहे का तेही विचारा. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ छापणं बंधनकारक झालंय ते उगाच नाही.

ताप असेल, ताजा मार असेल, त्वचेवर पू किंवा चिघळलेली जागा असेल तर तेल नको. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: भारतातून लांबचा विमानप्रवास करून आलात आणि एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर ती चोळू नका. आई फोनवर कितीही म्हणाली तरी. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

पाठीला आपला हात पोचत नाही, हा खरा अडथळा. दिवाळीच्या पहाटे आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं एकामागोमाग बसून समोरच्याची पाठ चोळायचो, आगगाडीसारखे. जोडीदार असेल तर प्रश्नच नाही.

आणि टॉवेल. तेल लागलेला टॉवेल धुतला तरी त्यात तेल उरतं, आणि ड्रायरच्या उष्णतेत ते हवेशी संयोग पावून आपोआप आणखी तापतं. गरम टॉवेलांची घडी घालून ढीग केला तर तो तासाभरानंही पेटू शकतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ साली त्वचेला लावायच्या सगळ्याच स्निग्ध मलमांबद्दल असा इशारा दिलाय की ती मुरलेलं कापड झटकन पेट घेतं. मालिशसाठी एक जुना टॉवेल वेगळा ठेवा आणि तो दोरीवर वाळत घाला.