अख्खीपेक्षा सुटी महाग

जुन्या दुचाकींच्या बाजारात एक उलटं गणित चालतं. गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षं उभी असलेली, टायर फाटलेली, सीटमध्ये उंदरांनी घर केलेली यामाहा आरएक्स १०० दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली, तर तो ती लोखंडाच्या भावात काट्यावर घालतो. तीच गाडी जाणत्याच्या हाती पडली, तर टाकी, साइड पॅनेल, मीटर, कार्बोरेटर, दोन्ही हब, गिअरचा सेट, क्रँककेसची जोडी असं एकेक वेगळं होतं, धुऊनपुसून फळीवर जातं आणि सुटं सुटं विकलं जातं. सगळ्याची बेरीज अख्ख्या गाडीच्या मूळ सौद्याच्या कितीतरी पट होते. कारण साधं आहे. भारतात ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच बनली. तिचे शौकीन मात्र अजून जन्माला येतायत.

येझदीचं दुखणं याहून जुनं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्यानंतर अस्सल पार्ट मिळायच्या जागा दोनच उरल्या. एक, एखाद्या बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर खोक्यात राहून गेलेला नवाकोरा माल; दोन, दुसरी येझदी. एक गाडी मारायची आणि तिच्यावर तीन जगवायच्या, हा या धंद्याचा पाया आहे. ‘जावा’ आणि ‘येझदी’ ही नावं अलीकडे नव्या गाड्यांवर परत आली, पण त्या फोर-स्ट्रोक. जुन्या येझदी रोडकिंगला त्यांचा नटबोल्ट सोडला तर फारसा उपयोग नाही.

पुण्यात हा माल पाहायचा तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठावा. ताडपत्रीवर पितळी समई, वापरलेला ड्रिल आणि त्यांच्या मधोमध चेतकचं हेडलाइटचं कडं असा शेजार तिथे सहज दिसतो. नव्या पार्टसाठी नाना पेठ. मुंबईकर कुर्ल्याला आणि चोरबाजारात जातो, दिल्लीत करोल बाग, चेन्नईत पुदुपेट. कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे एखादा पार्ट मिळालाच नाही, तर शिवाजी उद्यमनगरात नमुना घेऊन जायचं. लेथवाला तो हातात घेऊन फिरवतो, कॅलिपर लावतो आणि ‘परवा या’ म्हणतो. ऑइल इंजिनं आणि ओतकाम यांवर पोसलेल्या गावाला बुशिंग किंवा स्पिंडल बनवायचं म्हणजे फार मोठं काम वाटत नाही.

या धंद्यातलं खरं भांडवल फळीवर दिसत नाही. ते दुकानदाराच्या डोक्यात असतं: कशाला काय लागतं. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक गाडीचे पार्ट नंबर वेगळे असतात. पण हिरो होंडाची १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर या दोघींच्या पोटात मुळात एकाच घराण्याचं ९७ सीसीचं इंजिन आहे आणि स्प्लेंडरचा माल गल्लोगल्ली मिळतो. म्हणून सीडी १०० उभी करणं सोपं आणि स्वस्त. राजदूत ३५० चं तसं नाही. यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली ती दोन सिलिंडरांची, सहा गिअरची गाडी १९८३ मध्ये आली आणि दशक संपता संपता गेली. तिच्या पोटातला माल दुसऱ्या कुठल्या देशी गाडीला सहसा जुळत नाही. त्यामुळे तिचा मालक पार्टसाठी कुठेही जायला तयार असतो आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. चांगला दुकानदार ‘हा बसणार नाही, उगाच नेऊ नका’ असं सांगतो. असा माणूस भेटला की त्याच्याशी घासाघीस करू नये, असं माझं मत आहे.

नवा लोकल घ्यावा की जुना ओरिजिनल, हा वाद प्रत्येक गॅरेजात चालतो. माझं झुकतं माप जुन्याला, पण सरसकट नाही. गिअरचं उदाहरण घ्या. कंपनीच्या गिअरचा वरचा थर उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेला असतो, आतलं पोलाद चिवट राहतं. स्वस्त नकलेत नेमकी हीच प्रक्रिया उरकलेली असते, म्हणून दात लवकर तुटतात. तीस वर्षं चाललेला अस्सल गिअर पुढची दहा वर्षंही काढू शकतो, फक्त तो नीट पाहून घ्यावा. दातांपेक्षा बाजूचे खुंटे पाहा. त्यांचे कोपरे गोल झाले असतील तर चढावर गिअर सुटणार. टाकी घेताना खिशात लहानसं चुंबक ठेवा. रंगाखाली पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. क्रँककेस घेताना चेनच्या पुढच्या चक्राभोवती बोट फिरवा. कधीतरी चेन तुटून तिथला ॲल्युमिनियमचा ओठ उडालेला असतो आणि आर्गन वेल्डिंगने सांधून वरून बफिंग केलेलं असतं. शिवाय क्रँककेसचे दोन्ही भाग कारखान्यात जोडीनेच घासलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा असा घटस्फोटितांचा विवाह लावला, तर बेअरिंगच्या जागा एका रेषेत येतीलच असं नाही.

ब्रेक शू, बेअरिंग, ऑइल सील, चेन, केबल आणि टायर मात्र कुणी फुकट दिले तरी वापरलेले घेऊ नयेत. जुन्या ब्रेक शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टस असायचं, तेव्हा ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडची गॅरेजं याबाबत फार बेफिकीर आहेत.

आता गाडी उभी करण्याकडे वळू. हौशी माणूस रंगापासून सुरुवात करतो, कारण रंग दिसतो. अनुभवी मिस्त्री क्रँकपासून. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस ही नुसती पेटी नसते, ती पंपाचं काम करते. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पोकळीतलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि पोर्टांतून वर ढकललं जातं. क्रँकच्या टोकाला असलेलं रबरी ऑइल सील वर्षानुवर्षं गाडी उभी राहून कडक झालं, की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन भलतंच तापतं आणि पिस्टन जाम होतो. नवा पिस्टन, नवा बोअर, तरीही हायवेवर गाडी थांबली अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी हे छोटं सील असतं. आरएक्स १०० मध्ये आणखी एक धोका आहे. तिचं टू-टी ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि छोटा पंप ते इंजिनाला पुरवतो. येझदीसारखं ते पेट्रोलमध्येच मिसळायचं नसतं. उभ्या गाडीतला हा पंप चालतो की नाही, याची खात्री होईपर्यंत टाकीतल्या पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळून गाडी चालवावी.

क्रँक प्रेसवर खोलतात, कनेक्टिंग रॉडचा सेट बदलतात आणि परत दाबून बसवतात. इथवर कुणीही करतं. खरी कसोटी त्यानंतर, डायल गेज लावून क्रँक सरळ फिरतोय का ते बघण्यात. चूक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायची असते. ज्या दुकानात डायल दिसत नाही आणि ‘अंदाजाने बरोबर बसतं’ असं उत्तर मिळतं, तिथून क्रँक उचलून घरी आणा.

बोअरचंही तसंच. सिलिंडर घासला गेला की पाव मिलिमीटरच्या टप्प्याने तो मोठा करतात आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. एक मिलिमीटरपर्यंत आलात की बहुधा पुढे स्लीव्ह. म्हणूनच जुना सिलिंडर विकत घेताना ‘कितवा बोअर?’ हा पहिला प्रश्न विचारायचा. पिस्टन आधी विकत घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणारे बरेच भेटतात.

पोरांना खुणावणारा एक खेळ इथेच सुरू होतो. आरएक्स १०० च्या पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणून ती ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच, व्यास ५८, म्हणून १३२. थोडी काटछाट करून मोठीचा ब्लॉक लहानीवर चढवता येतो आणि गाडी सुसाट पळते. पण आरसीवर ९८ च राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला असं निमित्त पुरतं.

जुन्या पार्टच्या धंद्याची सगळ्यात नाजूक जागा हीच, धातू आणि ओळख यांचा गुंता. क्रँककेस हा ॲल्युमिनियमचा तुकडा आहे, पण इंजिन नंबर त्याच्यावरच ठोकलेला असतो. तुमची केस फुटली म्हणून तुम्ही दुसरी आणलीत की तुमच्या गाडीखाली दुसऱ्याचा नंबर येतो. तो नंबर चोरीच्या गाडीचा निघाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आड येतं. नंबर घासून आपला ठोकून देणारे महाभाग बाजारात आहेत. तो सरळ गुन्हा आहे. वैध वाट कंटाळवाणी आहे, पण आहे: विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्यायची, ज्या गाडीची केस आहे तिच्या आरसीची प्रत मागायची आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्यायची. मेरठच्या सोतीगंजचं काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठी देशभर बदनाम झालेल्या त्या बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांनी कारवाई केली आणि दुकानांची रांगच्या रांग बंद झाली. प्रामाणिक दुकानदारांचं नुकसान अशा वेळी सगळ्यात जास्त होतं, कारण त्यांच्याकडेही पावत्या नसतात.

कागदांचा दुसरा भाग खर्चाचा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीसाठीचं हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी २०००. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पण नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. साठच्या दशकातल्या जावाला हे ठीक. पहिल्या आरएक्स १०० ला तिथे पोहोचायला २०३५ उजाडेल.

म्हणून घरात वडिलांची किंवा आजोबांची गाडी धूळ खात असेल, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी आरसी शोधा. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ भरा. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. मूळ रंग निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर तो ठेवा. चकचकीत क्रोम कधीही करता येतं, कारखान्याचा रंग परत येत नाही. आणि गाडी मोडीतच काढायचं ठरलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नंबरची चेसिस कुठल्या तरी गावात दुसऱ्याच्या इंजिनासह फिरत राहील आणि दंडाचं ई-चलान तुमच्या मोबाइलवर येईल.